७.९ सीजीपीए, एक एटीकेटी आणि जर्मनी : एका अर्जाचं प्रकरण

मुलगी संगमनेर तालुक्यातली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून २०२४ मध्ये मेकॅनिकलची बी.ई. झाली. सीजीपीए ७.९. दुसऱ्या वर्षी एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, एटीकेटी लागली होती, ती पुढच्याच परीक्षेत सुटली. निकाल लागल्यावर चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात डिझाइन विभागात नोकरीला लागली. घरी चार एकर शेती, मुख्यतः कांदा, धाकटा भाऊ बारावीत. तिला करायचं होतं कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्समधलं मास्टर्स, म्हणजे यंत्राच्या भागावर ताण कसा पसरतो, तो कुठे तुटेल, हे संगणकावर गणितानं काढण्याचा अभ्यास. ते जर्मनीत करायचं आणि २०२५ च्या हिवाळी सत्रापासून करायचं, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मी तिला दोन वर्षं शिकवलं आहे. शिफारसपत्र मागायला आली तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, माझं होईल का हो?"

हा प्रश्न आमच्या विभागात दरवर्षी येतो, आणि त्याचं उत्तर सहसा अंदाजपंचे दिलं जातं. म्हणून या एका अर्जाचा सगळा हिशोब मांडते आहे. तिची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे एकदोन तपशील बदलले आहेत, बाकी आकडे तिचेच.

माझ्याकडे येण्याआधी तिनं तीन उत्तरं गोळा केली होती. पुण्यातल्या एका सल्लागाराकडे मोफत 'प्रोफाइल इव्हॅल्युएशन' करून मिळालं होतं. त्या कागदावर लिहिलं होतं : टॉप युनिव्हर्सिटी ४० टक्के, मिडियम ७० टक्के, सेफ ९५ टक्के. 'सेफ'च्या यादीतल्या बहुतेक संस्था खाजगी होत्या आणि त्यांची फी वर्षाला दहा लाखांच्या वर जात होती. वर्गातल्या एका मित्रानं सांगितलं होतं की एटीकेटी असेल तर जर्मनी बंद. आणि नात्यातल्या एका काकांचं म्हणणं, आयईएलटीएसला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, साडेसात आणले की सगळं होतं.

यातलं एकही उत्तर उपयोगाचं नव्हतं. ते चाळीस टक्के कशाचे, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. तिच्यासारख्या शंभर मुलांनी त्याच अभ्यासक्रमाला अर्ज केले आणि चाळीस घेतले गेले, असा कुठला हिशोब त्यामागे नव्हता. शिवाय ज्या संस्थांकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं त्याच 'सेफ'मध्ये दिसाव्यात, हा योगायोग मी फार वर्षं पाहते आहे. त्याबद्दल मला चीड आहे, कारण अशा कागदाच्या भरवशावर घरं गहाण पडतात.

अमेरिकेच्या बाबतीत शक्यता सांगणं खरंच अवघड असतं. तिथे समिती अर्ज संपूर्ण वाचते. निबंध, संशोधन, शिफारशी यांचं वजन बाहेरून मोजता येत नाही. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांचं तसं नाही. तिथे प्रवेशाचे नियम हा कायदेशीर दस्तऐवज असतो, प्रत्येक अभ्यासक्रमाचा वेगळा, आणि तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. बऱ्याचदा फक्त जर्मनमध्ये असतो, पण असतो. म्हणजे "जर्मनीत होईल का" असं विचारण्यात अर्थ नाही. एकेका अभ्यासक्रमाचे नियम समोर ठेवून आपली गुणपत्रिका त्यावर ताडून पाहावी लागते. आम्ही तेच केलं, आणि त्यात सर्वांत जास्त वेळ गेला तो दोन गोष्टींत : गुणांचं रूपांतर आणि विषयांची जुळणी.

एकाच गुणपत्रिकेतून निघालेले तीन आकडे

जर्मनीत गुण उलटे मोजतात. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. परदेशी गुण त्या मोजपट्टीवर आणण्यासाठी जे सूत्र वापरतात त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं, एक मिळवायचा.

तिचे ७.९ घेऊ. आमच्या पद्धतीत कमाल १०, उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी पी, तिचा गुणांक ४. दहातून ७.९ गेले, राहिले २.१. भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर २.०५. बहुतेक ठिकाणी दशांशानंतरचा एकच अंक धरतात, म्हणजे २.०. चांगला आकडा आहे.

पण तपासणाऱ्यानं किमान गुणांक ४ ऐवजी ५ धरला तर? २.१ भागिले ५, गुणिले ३, अधिक १. झाले २.२६. आणि सीजीपीए बाजूला ठेवून टक्केच धरले तर? विद्यापीठाच्या रूपांतरणानं तिचे ६९.५ टक्के होत होते. कमाल १००, किमान ४०. साडेतीस भागिले साठ, गुणिले तीन, अधिक एक : २.५२.

मुलगी एकच, गुणपत्रिका एकच, आणि आकडे २.०, २.२, २.५. तिच्या यादीतल्या अनेक अभ्यासक्रमांची अट होती 'किमान २.५', म्हणजे २.५ किंवा त्याहून चांगला, कमी आकडा. एकाची होती २.३. म्हणजे पहिल्या हिशोबानं ती सगळीकडे आरामात आत आणि तिसऱ्या हिशोबानं एका ठिकाणी थेट बाहेर. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये मुलं सीजीपीए टाकतात, पहिलं उत्तर पाहून खूश होतात आणि पुढे सरकतात. आम्ही प्रत्येक अभ्यासक्रमापुढे २.५ लिहिलं. तीन आकड्यांतला सर्वांत वाईट आकडा धरूनही जिथे पात्रता टिकते तेच ठिकाण खात्रीचं, असं ठरवलं.

या सूत्रात एटीकेटीला जागाच नाही. शेवटचे गुण जातात, ते कितव्या प्रयत्नात मिळाले हे जात नाही. मित्राचं म्हणणं तिथेच निकालात निघालं. तरी एटीकेटीचा परिणाम शून्य असतो असं म्हणणार नाही. तो दुसऱ्या वाटेनं आला, पुढे सांगते.

आणखी एक गोष्ट सूत्राला दिसत नाही. ही २०२०-२१ ला प्रवेश घेतलेली बॅच. पहिलं वर्ष कोविडमधलं, परीक्षा ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्न. पहिल्या वर्षी तिचे नऊच्या वर होते, वर्गात बसून लेखी परीक्षा सुरू झाल्या तशी ती सव्वासातवर आली, मग हळूहळू आठपर्यंत चढली. तिचा खरा कस तिसऱ्या-चौथ्या वर्षात दिसतो. सूत्र हे सगळं एकत्र घोटून एक आकडा देतं. तिच्या बाबतीत पहिल्या वर्षानं सरासरी वर ओढली, म्हणजे फायदाच झाला.

क्रेडिटची जुळवाजुळव

गुणांची अट बहुतेक मुलं पाहतात. विषयांची अट फार थोडी पाहतात, आणि जर्मनीत अर्ज पडतात ते जास्त करून इथे.

जर्मन अभ्यासक्रम ईसीटीएस नावाच्या क्रेडिटमध्ये मोजतात. वर्षाला ६० आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. तिथली बॅचलर पदवी १८० किंवा २१० क्रेडिटची. आपली चार वर्षं वेळेच्या हिशोबानं २४० धरली जातात. आमच्या २०१९ च्या अभ्यासक्रमाचे एकूण क्रेडिट साधारण १७०. म्हणजे आपला एक क्रेडिट तिथले सुमारे १.४ होतो. प्रत्येक विद्यापीठ असाच हिशोब करतं असं नाही, पण अंदाजासाठी पुरतो.

यादीतल्या एका अभ्यासक्रमाची अट होती : गणित किमान २०, मेकॅनिक्स किमान २०, शिवाय प्रोग्रॅमिंगचं ज्ञान. तिनं पहिल्यांदा स्वतः हिशोब मांडला तेव्हा एम-वन, एम-टू आणि एम-थ्री मिळून आपले १३ क्रेडिट झाले. १३ गुणिले १.४, साधारण १८. दोन कमी. ती हिरमुसली आणि त्या अभ्यासक्रमावर काट मारून मोकळी झाली.

मी गुणपत्रिका पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्या वर्षाला 'न्यूमरिकल अँड स्टॅटिस्टिकल मेथड्स' आहे. नावात मॅथेमॅटिक्स नाही म्हणून तिनं तो गणितात धरलाच नव्हता. त्यात काय आहे? समीकरणांची मुळं काढणं, संख्यात्मक समाकलन, विकलक समीकरणांची संख्यात्मक उकल, रिग्रेशन, संभाव्यता. हे गणित नाही तर काय! आणि कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्सला तर नेमकं हेच गणित लागतं. तो धरल्यावर बेरीज २४ च्या आसपास गेली. काट मारलेला अभ्यासक्रम परत यादीत आला.

मेकॅनिक्समध्ये उलटं झालं. पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, दुसऱ्या वर्षाचं सॉलिड मेकॅनिक्स, हे निर्विवाद. कायनेमॅटिक्स ऑफ मशिनरी बहुतेक ठिकाणी धरतील. पण वीसच्या पुढे जायला तिसऱ्या वर्षाचं कॉम्प्युटर एडेड इंजिनिअरिंग धरावं लागत होतं. त्या विषयात फायनाइट एलिमेंट पद्धत, म्हणजे भागाचे जाळीसारखे लहान तुकडे कल्पून त्यावरचा ताण काढणं, शिकवतात. म्हणजे गाभा मेकॅनिक्सचाच. पण नाव वाचून परदेशातला प्राध्यापक त्याला सॉफ्टवेअरचा विषय समजेल, आणि समजला तर त्याला दोष देता येणार नाही. त्याच्यासमोर फक्त नाव आणि क्रेडिट.

म्हणून तिनं प्रत्येक विषयाचा विद्यापीठानं प्रसिद्ध केलेला अभ्यासक्रम काढला, घटकवार तास लिहिले आणि दोन स्तंभांचा तक्ता केला. एका बाजूला त्यांची अट, दुसऱ्या बाजूला आपला विषय, अभ्यासक्रमाचा पान क्रमांक आणि त्यातले नेमके घटक. पहिल्या वर्षाला पायथॉनवर प्रोग्रॅमिंगचा विषय होता, तो प्रोग्रॅमिंगच्या अटीपुढे गेला. काही विद्यापीठं असा तक्ता स्वतःच मागतात, त्यांचा ठरलेला नमुना असतो. काही मागत नाहीत, तरी जोडता येतो. माझ्या मते तिच्या अर्जातला सर्वांत मोलाचा कागद हाच होता. शिफारसपत्रात मी जे लिहिलं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त.

एटीकेटीचा परिणाम इथे आला. एम-थ्री सुटला तो पाच गुणांकावर. एकूण सरासरीत तो विरघळला होता. पण जिथे समिती विषयवार गुण पाहते तिथे कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स मागणाऱ्या मुलीचं लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि व्हेक्टर कॅल्क्युलस कच्चं, हे पहिल्या नजरेत दिसणार होतं. ते झाकता येणार नव्हतं. न्यूमरिकल मेथड्समध्ये तिला नऊ होते आणि चाकणच्या नोकरीत ती रोज फायनाइट एलिमेंट पद्धतीनं ब्रॅकेटचं, म्हणजे दुसरा भाग धरून ठेवणाऱ्या आधाराचं, विश्लेषण करत होती. उद्देशपत्रात तिनं एम-थ्रीबद्दल एक वाक्य लिहिलं आणि पुढचा सगळा परिच्छेद त्या ब्रॅकेटवर खर्च केला : भार कुठे, जाळी किती बारीक घेतली, निकाल प्रत्यक्ष चाचणीशी कुठे जुळला नाही आणि का. पहिल्या मसुद्यात "लहानपणापासून मला यंत्रांची आवड" होतं. ते गेलं.

रांगेत उभं राहिल्यावर

नियमात बसणं आणि जागा मिळणं यात फरक आहे, आणि तो अभ्यासक्रमागणिक बदलतो. काही अभ्यासक्रमांना जागांची मर्यादा नसते. अटी पूर्ण केल्या की प्रवेश. काहींना मर्यादा असते, त्याला मुलं एन.सी. म्हणतात. तिथे पात्र अर्जदारांची क्रमवारी लागते. तिसरा प्रकार पात्रता तपासणीचा. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात अनेक मास्टर्सना ही पद्धत आहे : पहिल्या टप्प्यात विषयांची जुळणी, गुण वगैरेंना अंक देतात, वरच्यांना थेट प्रवेश, खालच्यांना नकार, मधल्यांची पुढची फेरी.

एन.सी.बद्दल एक गैरसमज मला दरवर्षी खोडावा लागतो. 'गेल्या वर्षी कटऑफ २.१ होता' हे वाक्य अट म्हणून वाचलं जातं. तो त्या वर्षीच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाचा आकडा असतो. आपल्याकडच्या कॅप राउंडचा कटऑफ जसा वर्षागणिक हलतो तसा तोही हलतो, आणि भारतातून जाणारी रांग वाढते आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत भारतीय विद्यार्थी पन्नास हजारांच्या जवळ पोचले आणि परदेशी विद्यार्थ्यांत संख्येनं पहिले होते. त्यातले बरेचसे अभियांत्रिकीचे आणि इंग्रजी माध्यम शोधणारे. इंग्रजी माध्यमाच्या मोजक्या अभ्यासक्रमांवर सगळी गर्दी. म्हणून जिथे गेल्या वर्षीचा कटऑफ तिच्या वाईट आकड्याच्या जवळपास होता ते ठिकाण आम्ही कठीण धरलं.

पैसा आणि पंचांग

प्रवेश मिळण्याची शक्यता आणि प्रत्यक्ष जाऊन वर्गात बसण्याची शक्यता या दोन गोष्टी धरल्या तर दुसरीत अडणारी मुलं मला जास्त दिसतात. तरीही सल्लागाराच्या कागदावर ती नसते.

कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स म्युनिकला आहे, स्टुटगार्टला आहे, डुइसबुर्ग-एसेनलाही आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. मास्टर्सला सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो. चार सत्रांचे १६ ते २४ हजार युरो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्टला, २०१७ पासून सत्राला १,५०० युरो, चार सत्रांचे सहा हजार. नॉर्डराइन-वेस्टफालेन राज्यात, म्हणजे डुइसबुर्ग-एसेनला, सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, फक्त सत्रशुल्क. तिथेही नीट वाचावं लागतं, कारण आखेनसारख्या ठिकाणी काही इंग्रजी मास्टर्स वेगळ्या अकादमीमार्फत चालतात आणि त्यांना मोठी फी असते. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य आता राज्य आणि विद्यापीठ विचारल्याशिवाय बोलू नये.

फीशिवाय ब्लॉक्ड अकाउंट. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ मिळतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाख. एपीएसचं, म्हणजे भारतीय पदव्यांची खातरजमा करणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र १८ हजार. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून ते बंधनकारक आहे. आयईएलटीएस सतरा-अठरा हजार. युनि-असिस्ट ही अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था, तिच्याकडून जाणाऱ्या पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०.

तिच्या वडिलांनी सरळ विचारलं, "मॅडम, जमीन आहे ना, त्यावर कर्ज मिळंल की." मिळालं नाही. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात, आणि कर्ज थकल्यावर बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या वसुलीतून शेतजमीन वगळलेली असल्यानं ती तारण म्हणून घ्यायला बँका तयार नसतात. सातबारा कितीही स्वच्छ असो. शेवटी तिच्या मामांचा नाशिकचा एन.ए. प्लॉट पुढे आला. मामांना तयार करण्यात, सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकनात जवळपास दोन महिने गेले. शेतकरी घरातल्या मुलांनी ही चौकशी यादी करण्याआधी करावी असं मी कळकळीनं सांगेन. मार्चमध्ये प्रवेश आणि जूनमध्ये तारणाचा शोध, या क्रमानं चांगली मुलं घरी राहिलेली मी पाहिली आहेत.

म्युनिकवर आम्ही फुली मारली. तिला फार वाईट वाटलं, कारण शाळेपासून तिनं ते नाव ऐकलं होतं. पण प्रवेश मिळूनही जाता येणार नसेल तर त्या अर्जावर खर्च होणारे दिवस दुसऱ्या अर्जाचे असतात.

पंचांगाचा मुद्दा असा. तिच्या यादीतल्या काही अभ्यासक्रमांची मुदत फेब्रुवारीत संपत होती, काहींची १५ जुलैला. जुलैची मुदत मुलांना सोयीची वाटते. पण जुलैला अर्ज, तर उत्तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मग ब्लॉक्ड अकाउंट, मग मुंबईच्या वाणिज्य दूतावासाची व्हिसाची तारीख, मग निर्णयाची वाट. वर्ग ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू. शिवाय १ जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यावर दूतावासाकडेच फेरविचार मागायची सोय जर्मनीनं बंद केली. आता नव्यानं अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. जुलैच्या मुदतीचे दोन अभ्यासक्रम गुणांच्या आणि विषयांच्या हिशोबानं तिला सर्वांत सोपे होते, तरी आम्ही ते खात्रीच्या गटातून काढून वेगळे ठेवले.

हे सगळं पाहून तिनं सप्टेंबर २०२४ मध्येच गणेशखिंडला विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या प्रमाणित उताऱ्यासाठी, अर्ज केला. ऑक्टोबरमध्ये एपीएस, जानेवारीत आयईएलटीएस, एकूण ७.०. काकांचे साडेसात आले नाहीत आणि त्यानं काही अडलं नाही, कारण तिच्या सगळ्या अभ्यासक्रमांची अट ६.५ ची होती. भाषेची अट ओलांडली की वरच्या अर्ध्या गुणाला बहुतेक ठिकाणी काही वजन नसतं. ते श्रम तिनं जर्मन भाषेच्या ए-वनवर, म्हणजे पहिल्या पायरीवर, खर्च केले. तेच बरं झालं.

काय झालं

एकूण सात अर्ज गेले.

एक नकार थेट गुणांवर आला. युनि-असिस्टनं तिचे टक्के धरून २.५ काढले, तिथली अट २.३. म्हणजे कॅल्क्युलेटरचं गोड उत्तर धरून बसलो असतो तर हा अर्ज 'नक्की'च्या गटात असता. आमच्या तक्त्यात तो 'कठीण'मध्ये होता. मुळात अर्ज केला कारण त्या विद्यापीठाच्या माहितीत कुठली मोजपट्टी धरणार हे स्पष्ट नव्हतं आणि खर्च ३० युरोच होता.

दुसरा नकार क्रमवारीत मागे पडल्याचा. पत्र चार ओळींचं, त्यात तिचा क्रमांकही नव्हता.

तिसऱ्यानं कॉम्प्युटर एडेड इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये धरलं नाही. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं : मेकॅनिक्समध्ये चार क्रेडिट कमी. या अर्जाला त्यांच्या ऑनलाइन नमुन्याबाहेरचा कागद जोडायची सोय नव्हती, त्यामुळे घटकवार तक्ता त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. नमुन्यात फक्त विषयाचं नाव आणि क्रेडिट भरता येत होते.

आणि तोच विषय, तोच तक्ता जोडलेला असताना, नॉर्डराइन-वेस्टफालेनमधल्या एका विद्यापीठानं धरला. त्यांनी एप्रिलमध्ये प्रवेश दिला, पण अटीसह : पहिल्या वर्षात बॅचलर स्तराचा मेकॅनिक्सचा एक विषय पूर्ण करायचा. अशा अटीच्या प्रवेशाला मुलं घाबरतात, तिच्या घरीही "म्हणजे अर्धवट ॲडमिशन का?" असं झालं. तसं नाही. प्रवेश पूर्ण असतो, समितीला जिथे पाया कच्चा वाटतो तिथे ती एखाददोन विषय भरून काढायला सांगते. मला तर ती अट वाचून बरं वाटलं. कुणीतरी तिचा कागद खरोखर वाचला होता.

दुसरा प्रवेश बाडेन-व्युर्टेम्बर्गमधून, बिनअटीचा, नाव मोठं. जुलैच्या मुदतीच्या दोघांपैकी एकाचं होकाराचं पत्र सप्टेंबरच्या अखेरीला आलं, तोवर त्याचा काही उपयोग नव्हता. दुसरा तिनं स्वतःच मागे घेतला.

आता दोन प्रवेशांतून निवड. मोठ्या नावाच्या बाजूनं घरातले सगळे, विशेषतः मामा, ज्यांचा प्लॉट तारण होता. तिच्या कागदावर दुसरी बाजू होती : सहा हजार युरो फीचे, शिवाय त्या शहरात घरभाडं चढं. कर्ज पंधरा लाखांचं मंजूर झालं होतं, त्यातले बारा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये. उरलेल्या तीन लाखांत विमान, पहिल्या महिन्याची अनामत आणि दर सत्राचे दीड हजार युरो बसत नव्हते. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, पण पहिल्या सत्रापासून फीसाठी काम शोधायला लागणं आणि एम-थ्री कच्चं असताना कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स करणं, हे एकत्र नको असं मी म्हटलं. दोन्ही अभ्यासक्रमांच्या विषयांची यादी आम्ही शेजारी ठेवली. फरक फार नव्हता. तिनं अटीचा प्रवेश घेतला. मामा काही दिवस गप्प होते, मग जामीनदार म्हणून सही करायला स्वतः नाशिकहून आले.

व्हिसा ऑगस्टमध्ये मिळाला. अट असलेला मेकॅनिक्सचा विषय तिनं पहिल्याच सत्रात २.७ नं काढला.

यंदा तिचा तक्ता घेऊन पुढच्या बॅचचा एक मुलगा बसला आहे. त्याचे ८.८ आहेत, एकही एटीकेटी नाही. सल्लागाराच्या हिशोबात तो तिच्यापेक्षा कितीतरी पुढे. पण तो डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. त्याच्या पदवीच्या गुणपत्रिकेत एम-वन नाही, एम-टू नाही, पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग मेकॅनिक्स नाही, आणि पदवी वेळेच्या हिशोबानं तीनच वर्षांची दिसते. त्याच नियमांवर ताडलं तर गणितात त्याचे दहा-अकरा ईसीटीएसच भरतात. डिप्लोमाचं गणित धरतील का, हे नियमावलीत लिहिलेलं नाही, म्हणून त्यानं आपल्या यादीतल्या प्रत्येक विभागाच्या प्रवेश कार्यालयाला तेवढाच एक प्रश्न विचारणारं पत्र पाठवलं. एकानं नाही म्हटलं. एकानं डिप्लोमाच्या विषयांचा घटकवार अभ्यासक्रम इंग्रजीत मागवला आहे, आणि तंत्रशिक्षण मंडळाकडून त्याच्या वर्षाचा प्रमाणित अभ्यासक्रम मिळवायचं काम सध्या चालू आहे.